भिंगाचं हाफ तिकीट

माझे घरमालक एसटीत चढले की दोन तिकिटं काढायचे. एक स्वतःचं आणि एक शेजारच्या सीटवर बसवलेल्या स्टीलच्या डब्याचं. दोन्ही हाफ. ते ज्येष्ठ नागरिक म्हणून त्यांना हाफ आणि डबा अंगानं लहान म्हणून त्याला हाफ.

लातूरचे जुने कंडक्टर त्यांना ओळखून होते. एकदा एक नवा भेटला, तो वस्ताद निघाला.

"हे दुसरं हाफ कुणाचं?"

"हिचं," डब्यावर हात ठेवून ते म्हणाले.

"वय काय हिचं?"

"ऐंशीच्या पुढं."

"मंग फुकट हाय की. पंच्याहत्तरच्या पुढं तिकीट न्हाई. आधार कार्ड दाखवा."

अख्खी बस हसली. ते हसले नाहीत. "जन्म जर्मनीतला हाय तिचा. आधार कुठून आणू?" म्हणाले आणि दुसऱ्या हाफचे सुटे पैसे पुढे केले. गाडीत चार बायका उभ्या होत्या. डबा बसून होता.

डब्यात भिंग होतं. तीन पायांवर उभा करून, काळ्या कापडात डोकं घालून फोटो काढायच्या मोठ्या लाकडी कॅमेऱ्याचं. तांब्याएवढं, पितळी अंगाचं, आणि वजनाला असं की पायावर पडलं तर आधी पायाची नव्हे, भिंगाचीच चौकशी व्हावी. त्यांच्या वडिलांनी निजामाच्या काळात घेतलेलं. वडिलांनंतर स्टुडिओ यांच्याकडे आला, आणि स्टुडिओसोबत हे लेकरूही.

सगळी गल्ली त्यांना चाचा म्हणायची, म्हणून मीही म्हणायचो. खाली त्यांचा स्टुडिओ आणि मागच्या दोन खोल्या, वर आम्ही नवरा-बायको भाड्यानं. मी कोचिंग क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो. प्रकाश हा विषय मी तीन तासांत संपवतो. आजवर काही हजार पोरांना भिंगाची आकृती काढून दाखवली असेल, पण खरं भिंग हातात धरलं ते चाचांच्या घरात आल्यावर. तेही एकदाच. त्याआधी साबणानं हात धुवावे लागले, अंगठी काढावी लागली आणि श्वास रोखावा लागला. "तोंडाची वाफ बसती, सर," म्हणाले. एवढी तयारी मी लग्नात बोहल्यावर चढतानाही केली नव्हती.

भिंग कसं ठेवावं याबद्दल त्यांची मतं पक्की होती, आणि खरं सांगायचं तर बरीचशी बरोबर होती. तेच जास्त त्रासाचं होतं. माणूस चुकत असला तर सोडून देता येतं. कातड्याच्या पेटीत ठेवायचं नाही, कातडं ओल धरतं आणि ओल बुरशी धरते. कापसात ठेवायचं नाही, तंतू चिकटतात. जुन्या फलालीनच्या तीन घड्या, त्यात भिंग, कोपऱ्यात भाजलेल्या तांदळाची पुरचुंडी, वरून डब्याच्या दोन्ही कड्या घट्ट. ज्या लातुरात नळाला पाणी आलं की लोक एकमेकांना फोन करतात, तिथं हा एक माणूस ओलाव्याला भिऊन जगत होता.

भिंगाला दोन टोप्या, पुढून एक आणि मागून एक. दोन्ही लोणच्याच्या बरण्यांची झाकणं होती, आतून मखमल लावलेली. "पुढची टोपी कुणीबी घालतंय. मागची घालतंय तो खरा फोटोग्राफर," असं ते म्हणत, आणि समोरचा फोटोग्राफर असला तर मुद्दाम म्हणत.

आणि कमान. भिंगाच्या पोटात शटर, शटरला कमान, म्हणजे स्प्रिंग. ती ताणायची, दाबायची, फोटो निघतो. ठेवताना मात्र कमान उतरवून ठेवायची. "ताणलेली कमान तशीच ठिवली की पुढं खोटं बोलाया लागती," हे त्यांच्या वडिलांचं वाक्य. चाचा ते कुणालाही ऐकवायचे. रिक्षावाला भांडला, कमान उतरव. माझ्या क्लासचा निकाल लागायच्या आठवड्यात मी जिन्यातून तणतणत उतरलो की खालून आवाज यायचा, "सर, कमान उतरवा." आमच्या गल्लीत पहाटेपासून पाठांतर करत फिरणाऱ्या पोरांकडे बघून तर ते रोज म्हणायचे, "एवढ्या कमानी ताणून राहिलेत, उतरवायचं कोण शिकवतंय?" मी शिकवत नव्हतो. माझ्या पगारात ते बसत नव्हतं.

दर रविवारी भिंगाला ऊन दाखवायचं. उन्हानं बुरशी मरते. आमच्या गच्चीवर भोक पाडलेलं एक बुटकं स्टूल होतं. त्या भोकावर भिंग ठेवायचं, दोन्ही टोप्या काढायच्या, शटर उघडं ठेवायचं, म्हणजे ऊन आरपार. एका उन्हाळ्यात माझ्या बायकोनं शेजारीच जुन्या साडीवर कुरडया घातल्या होत्या. वाऱ्यानं साडीचा पदर सरकून स्टुलाखाली गेला. भिंगाची फोकल लेंथ फूटभर, स्टुलाची उंची फूटभर. हे गणित मी दरवर्षी फळ्यावर सोडवतो. गच्चीवर ते भिंगानं स्वतःच सोडवलं. धुराचा वास आला तेव्हा पदराला ताटलीएवढं भोक पडलं होतं आणि तेरा कुरडया काळ्या झाल्या होत्या.

चाचा धावत वर आले ते थेट स्टुलाकडे. भिंग उलटंसुलटं करून पाहिलं, फुंकणीनं हवा मारली आणि म्हणाले, "काई झालं न्हाई. वाचली."

"साडी जळली माझी," बायको म्हणाली.

"साडीची जागा चुकली, बेटा. पर काच बगा कसली नंबरी हाय. एवढ्या वर्षांनी पण धार गेली न्हाई."

त्या दिवसापासून आमच्या घरात भिंगाला 'तुमची सवत' म्हणायची पद्धत पडली. सवत माझी की बायकोची, हे मला अजून कळलेलं नाही.

एवढं सगळं करून त्या भिंगानं फोटो किती निघायचे? मी तिथं राहायला आल्यापासून एकही नाही. स्टुडिओत चालायचे ते क्लासच्या फॉर्मला लागणारे पासपोर्ट फोटो, छोट्या डिजिटल कॅमेऱ्यावर. तो कॅमेरा भजी खाल्लेल्या हातानंही धरला जायचा. मोठ्या भिंगाला कधी हवा दमट, कधी धूळ, कधी डाळमिलचा भुसा उडालेला. दर महिन्याला ते बाहेर पडायचं ते फक्त नांदेडला एका म्हाताऱ्या घड्याळजीकडे, कमानीला तेल द्यायला. हाफ तिकिटानं जायचं, हाफ तिकिटानं यायचं.

मी एकदा त्यांना आमच्या परीक्षेतला लाडका प्रश्न सांगितला. भिंगाचा अर्धा भाग काळ्या कागदानं झाकला तर चित्र कसं येईल? पोरं सांगतात, अर्धं. चूक. चित्र पूर्ण येतं, फक्त उजेड कमी पडतो. म्हणजे चाचा, भिंगावर बारीकसा डाग पडला तर काहीसुद्धा बिघडत नाही.

ते माझ्याकडे दयेनं बघत राहिले. "तुमचं भिंग फळ्यावरचं हाय, सर. पुसलं की गेलं."

नायगावला त्यांची थोरली बहीण होती. तिला सगळे आपा म्हणायचे. तिचा फोन आला की चाचा स्पीकर लावायचे, कारण फोन कानाला लावून खांद्यात धरला तर हातातलं फलालीन सुटायचं. त्यामुळे दोघांचं भांडण मला वर ऐकू यायचं. भांडण दोनच गोष्टींवरून व्हायचं. एक डबा. भिंगाचा तो डबा मुळात आपांचा. एका ईदला त्यांनी त्यात शीरखुर्म्याचं सामान भरून पाठवलं, चाचांना तो भिंगाच्या मापाचा वाटला आणि गेला तो गेलाच. झाकणावर आपांचं नाव आणि खाली 'नायगाव', असं भांड्याच्या दुकानात टिंबाटिंबांनी कोरलेलं होतं. दुसरी गोष्ट फोटोची. वडिलांनी त्या भिंगानं सगळ्या मुलुखाचे फोटो काढले, पण पोटच्या पोरीचा राहिला. लग्नात नदीला पाणी होतं म्हणून भिंग गावाला नेलं नाही. पुढं वडील गेले आणि भावानं वचन दिलं, मी काढतो. त्याला चाळीस वर्षं झाली.

मागच्या हिवाळ्यात आपांचा आवाज वेगळा आला. "डॉक्टर बोल्या, एक आँख गयी. दुसरीचंबी खरं न्हाई. मला माझा फोटू बघायचाय रे, अब्बाच्या काचेतला. दिसतंय तवर. नंतर काढून काय करू, हात फिरवू त्याच्यावर?"

चाचा म्हणाले, "हवा जरा कोरडी होऊ दे, आपा."

"मी कोरडी होऊन राहिले, त्याचं बघ," असं म्हणून तिनं फोन ठेवला.

आठवडाभरात आम्ही निघालो. कॅमेऱ्याची पेटी उचलायला मी. कॅमेऱ्याची त्यांना फिकीर नव्हती. "डबडं हाय, उद्या सुतार नवा करून देईल." पेटी मागं सामानात गेली. डबा तिसऱ्या रांगेत, पुढच्या आणि मागच्या चाकाच्या बरोबर मधोमध, कारण तिथं दणका कमी बसतो. नायगावला मुखेडवरून जवळ पडतं, पण तो रस्ता भिंगाला मानवत नव्हता. म्हणून नांदेडवरून लांबचा फेरा.

नांदेडच्या स्टँडवर नायगावच्या गाडीला वेळ होता. आम्ही बाकावर बसलो. चाचांनी डबा बाकाच्या अगदी मध्यावर ठेवला, म्हणजे कडेवरून पडायची भीती नाही. पलीकडे एक शेतकरी जोडपं येऊन बसलं. माहूरला निघाले होते, देवीला. त्यांनीही आपलं सामान टेकवलं. मी सहज विचारलं, चाचा, एवढी जपता तर कॅमेऱ्याची चांगली बॅग का घेत नाही?

झालं. चाचा माझ्याकडे वळून बसले. "बॅगीवर लिवलेलंच असतंय सर, चोरा, मला ने. डब्याकडं कोण बघतंय? हिंदुस्थानात डबा कुणी चोरत न्हाई. मी वीस वर्सं ही घिऊन फिरून राहिलो, एका माणसानं कधी विचारलं न्हाई आत काय हाय." हे भाषण चालू असताना माहूरची गाडी लागली, जोडपं घाईनं उठलं. भाषण संपल्यावर चाचांनी डबा उचलला, हातात तोलला आणि म्हणाले, "नजरेनं न्हाई, मी वजनानं वळखतो."

नायगावला आपा दारातच होत्या. ठेवणीतली हिरवी साडी, डोक्यावर पदर, पायांत नव्या चपला. फोटोत पाय येणार नव्हते, तरी. आधी त्यांनी डबा मागितला. चाचांनी दोन्ही हातांनी त्यांच्या मांडीवर ठेवला. आपांनी झाकणावर बोट फिरवलं, टिंबाटिंबांवरून, सावकाश.

"ये मेरा डब्बा नै."

"आपा, वजन तर बघ."

"मेरा नाम मेरे कू मालूम है. हे दुसऱ्या कुणाचं नाव हाय."

कड्या उघडल्या. आत धपाटे होते. एकावर एक रचलेले, शेजारी दह्याची बाटली आणि शेंगदाण्याची चटणी. चाचांनी सगळे धपाटे बाहेर काढले, खाली भिंग असेल म्हणून. मग डबा उलटा करून झटकला. मग ते जमिनीवर बसले. त्या माणसाचा चेहरा मी विसरणार नाही. मला हसू येत होतं आणि माझीच मला लाज वाटत होती.

झाकणावर एका बाईचं नाव होतं आणि गाव देगलूर. मी नांदेडच्या चौकशी खिडकीवर फोन लावला.

"डब्यात काय होतं?"

"भिंग."

"चष्म्याचं?"

"नाही हो, मोठं. दीड किलोचं."

"दीड किलोचा चष्मा?" पलीकडून विचारलं आणि फोन ठेवला गेला.

चाचा माहूरला जायला उठले. आपांनी त्यांना हाताला धरून खाली बसवलं. "देगलूरची माणसं हायेत. येताना नायगाववरनंच जातील. माझं नाव हाय डब्यावर, आणून देतील. तू न्हाई दिलास. पर लोक डबे परत करतात."

तो दिवस तसाच गेला. धपाटे आम्ही खाल्ले, नासवायचे कशाला. चाचांनी तोंडही लावलं नाही. ओसरीवर बसून ते रस्त्याकडे बघत होते, आणि आपा त्यांच्याकडे तोंड करून. दिसत किती होतं कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी दुपार कलताना जोडपं आलं. स्टँडवर झाकण दाखवून नाव विचारत विचारत आलं होतं. काकूंनी डबा आपांच्या हातात दिला. आपांनी बोट फिरवलं आणि मान डोलावली.

"माफी करा बाई," काकू म्हणाल्या. "आमच्या मालकानं घाईत उचलला. गडावर जेवाया बसलो आन उगडलं तर धपाट्याच्या जागी ह्यो डोळा. टोपी काडली तर माज्याकडंच बगाया लागला. लई भ्याले मी. म्हणलं, कुणाचं तरी देवाचं असंल. देवीच्या पायरीला लावलं, कुंकू लावलं, म्हणलं जिचं हाय तिला सुखरूप पोचू दे."

"आन रिकामा डबा कसा द्यावा," काका म्हणाले, "म्हणून देवीच्या परसादाचा तांबूल ठिवलाय आत."

चाचांनी डबा उघडला. भाजलेल्या तांदळाची पुरचुंडी काढून काकूंनी तिथं पानात बांधलेला तांबूल बसवला होता, ओलागच्च. पुढची टोपी निघाली. काचेच्या बरोबर मध्यावर अंगठ्याएवढं कुंकू, थोडं ओघळलेलं.

ज्या काचेवर मी श्वास सोडू नये, तिच्यावर बाईनं अंगठा टेकवला होता. चाचा उभे राहिले, काकूंकडे वळले, तोंड उघडलं.

"कमान उतरव," आपा म्हणाल्या.

वडिलांचं वाक्य, पण चाचांना ते आजवर कुणी ऐकवलं नव्हतं. ते तसेच थांबले. मग पिशवीतून फुंकणी, ब्रश, फलालीन काढू लागले.

"पुसाया बसलास की मगरीब होईल, उजेड जाईल. उद्या म्हणशील हवा दमट हाय. परवा म्हणशील नदीला पाणी हाय." आपा खुर्चीत ताठ बसल्या. "आता काढ."

"डाग हाय, आपा. फोटू खराब होईल."

"होऊ दे. माझाच खराब होईल ना?"

चाचांनी माझ्याकडे पाहिलं. मी, प्रकाश तीन तासांत संपवणारा, हजारो पोरांना या प्रश्नाचं उत्तर पाठ करून दिलेला, त्या क्षणी म्हणालो, "चाचा, थोडं पुसून घ्या." माझ्यासारखी माणसं शिकवायला ठेवतात, म्हणून पोरं नुसती पास होतात.

चाचांनी पुसलं नाही. भिंग कॅमेऱ्याला लावलं, कापडात डोकं घातलं, एक्स-रेच्या फिल्मची कापलेली पट्टी आत सरकवली. कमान ताणली. "आपा, हिकडं," म्हणाले. आपांनी आवाजाच्या दिशेनं मान वळवली. टक् असा आवाज झाला. चाळीस वर्षं रखडलेलं काम डोळा मिटायच्या आत झालं. मग काकूंनाही बसवलं, मांडीवर त्यांचा डबा. आपांनी त्यात शेवया भरून दिल्या होत्या.

स्वतःचा डबा मात्र आपांनी ठेवून घेतला. भिंग त्यांच्या जुन्या ओढणीत गुंडाळून लातूरला आलं.

लाल दिव्याखाली फोटो वर आला तेव्हा मी शेजारी होतो. कुंकवाचा कुठं मागमूस नव्हता. डोळ्यांभोवतीची एकूण एक सुरकुती आली होती, फक्त चेहऱ्याभोवती उजेड जरासा विरघळल्यासारखा. मी ज्याला फळ्यावर दोन मार्क देतो, ते असं दिसतं हे मला माहीत नव्हतं. चाचा ओला कागद धरून उभे होते. "मी हिला कुणापासून वाचवून राहिलो होतो, सर?" त्यांनी विचारलं.

पुढच्या आठवड्यात आम्ही फोटो घेऊन नायगावला गेलो, या खेपेला मुखेडवरून. सोबत भिंगही होतं, कारण आपांनी त्यांच्या सगळ्या गल्लीला फोटो काढून द्यायचा शब्द दिला होता. आपांनी फोटो नाकाला टेकेल इतका जवळ धरला. उजव्या डोळ्यासमोरून कागद इंचाइंचानं सरकवत गेल्या. कपाळ, नाक, हनुवटी. आम्ही सगळे उभेच.

"अब्बाची काच हाय," त्या म्हणाल्या. "अशीच काढायची." परत एकदा कागद कपाळापासून सरकवला. मग फोटो मांडीवर ठेवून भावाकडे तोंड केलं. "म्हातारी पण चांगली आली की रे. मग चाळीस सालामागं कामून न्हाई आलास? तवा मी लई सुरेख होते."

चाचांनी बहिणीचा हात धरला आणि तो हात कितीतरी वेळ सोडला नाही.

परतीची गाडी भरून आली. आम्हाला जागा मिळाली, तीही थेट मागच्या चाकावर. मला एक, चाचांना एक, मध्ये सवयीनं सोडलेली तिसरी, तिच्यावर ओढणीतलं भिंग. चाचांनी एकच हाफ काढलं, स्वतःचं. वाटेत एक बाई चढली, काखेत गाठोडं. मधल्या सीटकडे बघून तिनं विचारलं, "हितं कुणी हाय का, बाबा?"

"होतं," चाचा म्हणाले आणि ओढणीतलं भिंग मांडीवर घेतलं. "बसा तुमी."